आधीचं कोणी

बोटीतून उतरून तडक आलेले महिपतशेठ स्वतःच्या नव्या बंगल्याच्या उंबरठ्याबाहेरच थांबले.

"काय गं सखू, महिना झाला. काही दिसलं?"

"काय दिसायचाय, शेठ?"

मुंबईत लाकडाच्या व्यापारात पैसा करून शेठनी गावी, मांडवीच्या चढावर हा बंगला बांधला होता. चिऱ्याच्या भिंती, सागवानी दारं, अकरा खोल्या. त्या चढावर मुंबईकरांचे असे आणखी सहा बंगले वर्षभर कुलपात असत. वास्तुशांत झाली होती. पण देवळात कौल लावला तेव्हा गुरव म्हणाला, जागेवर आधीचं कोणीतरी आहे, त्याला डावलून राहू नका. शेठनी बिऱ्हाड आणलंच नाही. शेवटी कारभाऱ्याने तोड काढली. जिच्यामागे रडणारं कोणी नाही अशी बाई आधी ठेवून बघावी. सखू बंदरावर उपड्या होडीखाली झोपायची. तिला किल्ली मिळाली, तांदूळ मिळाले. कशासाठी, ते कोणी सांगितलं नाही.

"मग कारभाऱ्याने कळवलंय तसं, सगळं घर सोडून तू माजघराच्या त्या एका कोपऱ्यातच का झोपतेस?" शेठचा आवाज खाली आला. "खरं सांग. कोणी झोपवतं का तुला तिथे?"

सखू त्यांच्याकडे बघत राहिली. एवढा मोठा माणूस, आणि आपल्याच घराला भितो? 'नाही' म्हटलं तर आज पुन्हा होडीखाली जायचं, एवढं तिला कळलं. पण 'हो' म्हटलं तर काय, ते कळेना. तिने विचारलं,

"असलाच कोण, तर त्याचा काय करशाल?"

"करायचं काय? त्याची जागा त्याला सोडून देईन. कोपरा कसला, खोली देईन. दरसाल कोंबडा, नारळ देईन." शेठनी घाईने वहाणा काढल्या आणि अंधाऱ्या माजघराकडे बघून हात जोडले. "आधीचा मान त्याचा. मी मागाहून आलेला."

इतकं मऊ तिच्याशी कधी कोणी बोललं नव्हतं. सखूने सांगून टाकलं.

"मग ती मीच, शेठ. त्या कोपऱ्यात माजा खोपटा व्हता. घो गेला तरी मी हितंच ऱ्हायली. तुमी खोताकडनं जागा घेतलाव, तवा तुमच्या मानसांनी तो मोडला. दुसरा कोण नाय हितं."

शेठचे जोडलेले हात सुटले. मोठा श्वास सोडून ते उंबरठा ओलांडून आत आले.

"हात्तिच्या! मग कोणीच नाही म्हण की."