रंगांचं बिल

अण्णा गेल्यावर आईला सोबत म्हणून मी दापोलीजवळच्या मुरुडच्या घरी बेचाळीस इंची एलसीडी टीव्ही बसवून दिला. विकत घेताना दुकानदारानं तासभर त्याच्या रंगांचंच कौतुक ऐकवलं होतं. "वीज जरा जास्त खातो, पण रंग बघा साहेब!"

पावसाळ्यात एकदा न कळवता घरी गेलो, तर एवढ्या मोठ्या पडद्यावर मालिका काळी-पांढरी चालू होती. मी तिथूनच दुकानदाराला फोन लावून झापायला सुरुवात केली.

"अरे, बिघडायला काय झालंय त्याला?" आई म्हणाली. "मीच रंग काढून ठेवते रिमोटनं. रंगांना वीज जास्त लागते ना. तुम्ही सगळे आलात की लावते की. मला एकटीला काय करायचेत?"

"आई, रंग काढले म्हणून बिल एक पैसासुद्धा कमी येत नाही."

"होय? बरं." तिनं रिमोट घेऊन रंग लावले. चहा घेत आम्ही उरलेली मालिका रंगीत पाहिली. मग मी निघालो.

एसटीच्या थांब्यावर लक्षात आलं, मोबाईलचा चार्जर घरीच राहिला. परत गेलो. आई टीव्हीसमोर बसली होती. पडदा पुन्हा काळा-पांढरा झाला होता.

 

मला दारात पाहून ती गडबडीनं उठली, "ये, ये" म्हणाली, आणि तिनं आधी रंग लावले.