आवरलेली काळजे

देवगडपासून दूर, खोल समुद्रात, पवनचक्कीच्या लोखंडी शिडीला होडीचे नाक टेकले. होडीतल्या दोघा कामगारांच्या मनगटांवरचे, काळजाचे ठोके मोजणारे दिवे हिरवे होते. म्हणजे चढायला हरकत नव्हती.

शर्वाणीने शिडीखाली पाहिले. पाणी विचित्रपणे आत ओढले जात होते. धोका ठरवणारी यंत्रणा वाऱ्या-लाटांइतकाच कामगारांच्या काळजाच्या ठोक्यांवर विश्वास ठेवत असे, कारण समुद्राचा राग माणसाच्या अंगाला आधी कळतो. पण एकटाच कुणी घाबरला, तर तो त्याचाच दोष ठरे आणि त्याचे काम जाई. म्हणून बंदर सुटले की सगळेच संथ श्वास घेत, काळीज आवरून बसत.

"नरूदादा, थांबा. मला भीती वाटतेय," ती म्हणाली. तिचा दिवा पिवळा झाला.

"गप गो! श्वास आवर," शिडीला हात घालत नरहरी तारी पुटपुटला. "कायमचा घराक बसाचा आसा काय?"

"बसेन. पण तुम्ही खरं सांगा. तुम्हाला भीती वाटत नाही?"

त्याने खाली पाहिले. सकाळपासून आवरलेला श्वास एकदम सुटला आणि त्याने शिडीवरचा हात काढला.

"वाटता गो," तो म्हणाला. "खूप वाटता."

दोन्ही दिवे लाल झाले. आता एकटेच कुणी घाबरलेले नव्हते; यंत्रणेने होडी आपणहून मागे घेतली.

समोरच्या चक्कीच्या शिडीवर मात्र चौघेजण चढत होते. शर्वाणी ओरडत राहिली. पण वाऱ्यात तिची हाक त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती, आणि यंत्रणेच्या लेखी त्यांच्यातले कुणीच घाबरलेले नव्हते.