पाठ केलेलं वाक्य

"आणखी एकदा म्हणा," क्लेअर म्हणाली.

विलियामूने म्हटलं. ऑकलंडच्या विमानतळावर दिवसभर बॅगा उचलणारा पन्नाशीचा धिप्पाड माणूस, पण या एवढ्याशा वाक्याने त्याला घाम फोडला होता. 'आई, मी विलियामू, तुझा मुलगा.' पॅसिफिक महासागरातल्या नियुए बेटाच्या भाषेत. म्हणजे त्याच्याच.

पलीकडच्या खोलीतून आई हाका मारत होती. "विलियामू! विलियामू!" मेंदूला झटका आल्यापासून तिचं इंग्रजी पार पुसलं गेलं होतं. मोतीबिंदूने नजर आधीच अधू. तो जवळ जाऊन इंग्रजीत "मी इथेच आहे ना" म्हणायचा आणि ती अंग चोरून घ्यायची. पुन्हा हाका सुरू. डॉक्टरांनी तर आशा सोडलीच होती. जाण्याआधी तिला एकदा कळावं, मुलगा उशाशी आहे, एवढंच त्याला हवं होतं.

लहानपणी नियुएचा एक शब्द तोंडातून निघाला, तर हीच आई पाठीत धपाटा घालायची. "इंग्रजी बोल! नाहीतर माझ्यासारखा जन्मभर कारखान्यात राबशील." तो इंग्रजी बोलला आणि जन्मभर बॅगा उचलत राहिला.

विद्यापीठाच्या पॅसिफिक अभ्यास विभागाने चर्चमध्ये भाषेचा फुकट वर्ग काढला, तेव्हा सगळ्यात मोठ्याने तोच हसला होता. "गोरी बाई आपल्याला आपली भाषा शिकवणार? उद्या नारळ सोलायलाही शिकवेल!" आज त्याच बाईला त्याने हातापाया पडून घरी आणलं होतं.

"आता अगदी बेटावरच्यासारखं जमलंय," क्लेअर म्हणाली. "चला."

त्याने आईचा हात हातात घेतला आणि वाक्य म्हटलं. कुठेही अडखळला नाही.

हाका थांबल्या. आईचा चेहरा उजळला. तिने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि हसत हसत बरंच काही बोलली. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती. विलियामूला रडू आवरेना.

"काय म्हणाली?"

क्लेअर म्हातारीचं पांघरूण सारखं करू लागली.

"सांगा ना, मॅडम!"

"म्हणतात, 'किती गोड बोलतोस रे! आपल्या कुठल्या गावचा तू? म्हातारीचं समाधान करायला आलास, देव तुझं भलं करो. पण माझ्या विलियामूला आपली भाषा कुठे येते, बाबा? मीच येऊ दिली नाही.'"