तीट

विश्वजीतनं गंगापूरच्या भंगारातून जुनी पद्मिनी मोटार आणली, तेव्हापासून बजाजनगरातल्या आमच्या अंगणात तिचेच लाड चालतात. कामावरून आला की आधी तिला गोंजारणार, पॉलिश पेपरनं हळुवार घासणार. आमची तान्ही सायली त्यानंतर, आणि मी तर नाहीच.

सकाळी सायलीच्या डाव्या गालाला मी काजळाची तीट लावते. दुपारी गाल कोरा असतो, आणि तीट पद्मिनीच्या डाव्या दिव्याखाली.

"तूच लावतीस. जळतीस तिच्यावर," विश्वजीत हसला. "लाव बाई, तुझीच दृष्ट लागायची तिला."

आज तो कामावर असताना मी पेट्रोलच्या बोळ्यानं ती तीट खसाखसा पुसली. घरात सायली किंचाळली.

धावत जाऊन तिला उचललं. डावा गाल लालबुंद झाला होता, आणि त्याला पेट्रोलचा वास येत होता.