मिटलेले ओठ

फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरपुढे बसून ती दिवसभर लोकांचे मुरूम आणि सुरकुत्या पुसायची. आज काका नुकत्याच गेलेल्या आजीचा फोटो घेऊन आले. मोटारसायकलला टेकलेली आजी, केस मोकळे, बोटांत सिगारेट, आणि दाढा दिसतील असं हसणं.

"दिवाणखान्यात लावायचाय, चार लोक येतात-जातात," काका म्हणाले. "जरा घरंदाज दिसू दे. आईने जन्मभर कुणाचं म्हणून ऐकलं नाही."

"आता ऐकेल," ती म्हणाली.

सिगारेट चुटकीसरशी गेली. केसही आवरले. हसणं मात्र काही केल्या जाईना. त्यासाठी दुसऱ्या फोटोतले मिटलेले ओठ आणून बसवावे लागतात, आणि काकांनी आणलेला फोटोंचा अख्खा डबा पालथा घातला तरी आजीने एकातही तोंड मिटलेलं नव्हतं.

"मग तुझेच लाव की," काका म्हणाले. "तोंडावळा तर तिचाच घेतलायस."

तिने स्वतःच्या लग्नाचे फोटो उघडले. पहिलाच चालला. तसे त्यानंतरचे सगळेच चालले असते.