मोज्याचा बोळा
बायको मेकॅनिक. अंगणात आमच्या गाडीचं इंजिन तिनं खोललं. ती अपघातात गेल्यावर लेकीनं आणि मी महिनाभर खपून जोडलं. सुरू झालं, पण गाडीला दम नव्हता. चढावर काळा धूर ओकायची. “टर्बोच गेलाय, बाबा,” लेक म्हणाली. मी टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारा पाइप काढला. आत माझा हरवलेला मोजा होता. बायको म्हणायची, “पाइपाचं उघडं तोंड दिसलं की आधी बोळा कोंबायचा, कचरा शिरत नाही. तुमच्याही तोंडात कोंबेन!” याच मोज्यावरून शेवटच्या सकाळी मी घर डोक्यावर घेतलं होतं. “सापडेल हो, जातोय कुठे!” म्हणत ती कामाला गेली, ती परत आलीच नाही. बोळा निघाला तशी गाडी चढ सरसर चढली. “आई असती तर!” लेक म्हणाली. जोडीतला दुसरा मोजा मी त्याच सकाळी रागानं कचऱ्यात फेकून दिला होता.