पुण्याहून आलेली गाडी

वादळ संध्याकाळी धडकणार होतं. इंदुमती खिडक्यांना फळ्या ठोकत होती, तोच तिच्या मुलाने, दीपेशने, पुण्याहून पाठवलेली गाडी दारात आली. तिने शेजारच्या, दिवस भरत आलेल्या रोशनीला नवऱ्यासह गाडीत बसवलं.

दीपेश फोनवर चिडला, "आई, गाडी तुझ्यासाठी पाठवलीय!"

"चौदा वर्षं शाळेत खिचडी शिजवतेय मी. आज सगळं गाव तिथे आसऱ्याला येणार, आणि मी पळू?"

वादळाने तिच्या घराचं छप्पर नेलं. तिसऱ्या दिवशी फोन लागला, तेव्हा ती शाळेतच दीडशे माणसांचा भात उतरवत होती.

"रोशनीला मुलगी झाली," दीपेश म्हणाला. "आता तरी ये ना इकडे, कायमची."

"बारशाला येते," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी परत. छप्पर घालायचंय."